कॉलर गळ्यात पडण्याआधी

येत्या १ जुलैला तुम्ही तुमच्या गावच्या रोटरी किंवा लायन्स क्लबचे अध्यक्ष होणार असाल, तर सध्या डोक्यात पदग्रहण समारंभच घोळत असणार. हॉल कोणता, प्रमुख पाहुणे कोण, प्रांतपालांना स्टेशनवर घ्यायला कोणाची गाडी पाठवायची, जेवणात गोड काय. ते समारंभ समितीवर सोडा. त्या एका संध्याकाळीवर अध्यक्ष जेवढी शक्ती खर्च करतो, तेवढी पुढच्या तीन महिन्यांत त्याच्यात उरत नाही, असं मी बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलं आहे. तुम्ही त्याऐवजी मे महिन्यातली एखादी दुपार मोकळी काढा आणि सभासदांची यादी घेऊन बसा.

प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहायच्या. धंदा किंवा नोकरी काय, वर्षातले कोणते आठवडे या माणसाला श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि याच्या हाताला काय येतं. पहिली गोष्ट सचिवाच्या वहीत असतेच. दुसरी कोणी लिहून ठेवत नाही आणि वर्षाचे निम्मे रुसवेफुगवे तिथूनच सुरू होतात. चार्टर्ड अकाउंटंटला जुलै आणि सप्टेंबरमध्ये बोलावू नका, विवरणपत्रं आणि टॅक्स ऑडिटच्या मुदती त्याच्या मानगुटीवर असतात. कृषी सेवा केंद्रवाला जूनमध्ये बियाणं-खतांच्या रांगेपुढून हलू शकत नाही. कापडवाला आणि सराफ दसरा ते दिवाळी आणि पुन्हा लग्नसराईत गायब. मार्च-एप्रिलमध्ये शिक्षक पेपर तपासत असतात. बाजारपेठेतल्या दुकानदाराला खरा मोकळा दिवस एकच, साप्ताहिक सुट्टीचा, आणि तो रविवारच असतो असं नाही. ही यादी समोर ठेवून वर्षाचं कॅलेंडर आखलंत, तर ‘लोक येतच नाहीत हो’ ही तक्रार अर्ध्यावर येईल. लोकांना यायचं असतं. आपण त्यांना नेमकं त्यांच्या गल्ल्यावर गर्दी असताना बोलावतो.

तिसरी गोष्ट, कोणाच्या हाताला काय येतं, ही सगळ्यांत महत्त्वाची. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने जे तीन जण रोटरीच्या पहिल्या बैठकीला जमवले, त्यांत एक कोळशाचा व्यापारी होता, एक खाण अभियंता आणि एक शिंपीकामाचा व्यावसायिक. एका धंद्यातला एकच माणूस घ्यायचा आणि सभा आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरवायची, असा सुरुवातीचा रिवाज होता. व्हरमाँटमधल्या लहान गावात आजी-आजोबांकडे वाढलेल्या हॅरिसला मोठ्या शहरात ओळखीचे चेहरे हवे होते, समाजसेवा तेव्हा डोक्यात नव्हती. पण नुसत्या ओळखीपाळखीवर मंडळ किती दिवस चालणार? १९०७ मध्ये त्यांनी शहरात सार्वजनिक शौचालय व्हावं म्हणून खटपट हाती घेतली आणि तिथून क्लबच्या सेवाकार्याची वाट सुरू झाली. माझं म्हणणं एवढंच की हा क्रम आजही लागू आहे. माणसं ओळखीसाठी येतात. पण ती टिकतात एकत्र काही उचलल्यावर, खणल्यावर, निस्तरल्यावर. सभासदांना जवळ आणायचं म्हणून आणखी एक जेवण ठेवण्यापेक्षा, ज्याच्या हाताला जे येतं ते वापरलं जाईल असं काम शोधा. छापखानेवाल्याकडून वर्गणी सगळेच घेतात. त्याच्याकडून शाळेतल्या मुलांची भित्तिपत्रकं मांडून घेणारा अध्यक्ष विरळा. आणि त्या छापखानेवाल्याला त्या दिवशी जे वाटतं, ते पुष्पगुच्छ घेताना वाटत नाही.

एक मोठं काम, बाकी बेताची

वर्षभरात पन्नास उपक्रम झाल्याचा अहवाल प्रांताकडे पाठवता येतो, बक्षीसही मिळतं. गावात मात्र विचारलंत तर लोकांना एकही आठवत नाही. वह्यावाटप, फळवाटप, ब्लँकेटवाटप, सगळं अर्ध्या तासात आटोपलेलं आणि बॅनर धरून फोटो काढलेला. फोटोविषयी एक सांगून टाकतो. एका व्हीलचेअरला आठ हात लागलेले असतात आणि मधे बसलेला माणूस कुठे बघावं ते न कळून जमिनीकडे बघत असतो, असा फोटो तुमच्या वर्षात एकही निघू देऊ नका. घेणाऱ्याची परवानगी विचारा, मुलांचे चेहरे टाळा. कामाचा फोटो काढा, देण्याचा नको.

मोठं काम एकच घ्या आणि ते निवडण्याआधी ज्यांच्यासाठी करायचं त्यांना जाऊन विचारा. जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना ‘आम्ही काय द्यावं?’ असं विचारलं तर ते संकोचाने ‘जे द्याल ते’ म्हणतील. म्हणून प्रश्न बदला. ‘गेल्या पाच वर्षांत देणगीत आलेल्या कोणत्या वस्तू आज बंद आहेत?’ असं विचारा. मग कपाट उघडलं जाईल आणि आतून तीन क्लबांच्या नावांचे स्टिकर लावलेले प्रोजेक्टर, संगणक आणि फिल्टर संपल्यामुळे बंद पडलेलं जलशुद्धीकरण यंत्र निघेल. यंत्र देणं सोपं असतं. त्याचा मेंब्रेन बदलायचा, वीजबिल भरायचं, उन्हाळ्यात टाकीत पाणी आणायचं, हे कोणाच्याच अंदाजपत्रकात नसतं. तेव्हा नवं यंत्र देण्याऐवजी जुनं चालू करून तीन वर्षं चालू ठेवण्याचा लेखी करार शाळा व्यवस्थापन समितीशी करा. हात धुण्याच्या नळांची रांग बांधणार असाल तर पहिलीतल्या पोराला उभं करून उंची मोजा. गवंडी स्वतःच्या कमरेच्या मापाने नळ लावतो. मुलींच्या स्वच्छतागृहाचं काम घेतलंत तर आधी पाण्याची सोय, मग टाइल्स.

ग्रामीण भागाला लागून असलेल्या क्लबला मी मोठं काम म्हणून डोळे मिटून सुचवेन तो वनराई बंधारा. मोहन धारिया यांच्या वनराई संस्थेमुळे हे नाव आणि हा प्रकार महाराष्ट्रभर पोचला. खर्च जवळपास नाही. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या लागतात, त्या तुमच्या क्लबातला कंत्राटदार किंवा बिल्डिंग मटेरिअलवाला जुलैपासून साठवू शकतो. पाऊस ओसरला, पण ओढा अजून वाहतो आहे, अशा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या दिवसांत त्या गोण्या माती-वाळूने भरून, तोंडं शिवून, ओढ्यात आडव्या रचायच्या. विटांसारखी सांधेमोड करायची आणि मधल्या फटी चिकणमातीने लिंपायच्या. जागा निवडताना काठ उंच आणि पात्र अरुंद असेल अशी बघा आणि गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. पाणी कुठून फुटतं ते त्यांना ठाऊक असतं. ग्रामपंचायतीला आधी कळवा, कृषी सहायकाला सोबत घ्या.

एवढ्या आग्रहाने हे सांगण्याचं कारण पाण्यापुरतंच नाही. गोण्या पास करायला माणसांची साखळी लागते आणि साखळीत डॉक्टरच्या शेजारी गॅरेजवाला, त्याच्या शेजारी सराफाची सून आणि तिच्या शेजारी गावातली पोरं उभी राहतात. दोन तासांनी सगळ्यांचे कपडे सारखेच मळलेले असतात. दुपारी गावातल्या कोणाच्या तरी पडवीत पिठलं-भाकरी आणि ठेचा. वर्षानुवर्षं सभेत एकमेकांना ‘साहेब’ म्हणणारी माणसं परतीच्या टेम्पोत एकमेकांची टिंगल करू लागतात. हे हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये घडत नाही, कितीही चांगला मेनू ठेवा. मात्र डिसेंबरात एकदा जाऊन गळती बघायची आणि पाणी कोणत्या विहिरींना लागलं ते गावकऱ्यांकडून लिहून घ्यायचं, हे कॅलेंडरमध्ये आधीच टाका, नाहीतर बंधारा फोटोत राहतो आणि पाणी वाहून जातं.

वृक्षारोपणाबद्दल थोडक्यात. जुलैत झाडं सगळेच लावतात. तुम्ही खड्डे मेमध्ये खणून घ्या, रोपं किमान कमरेएवढी घ्या, कडुनिंब, करंज, बहावा, वड अशी आपल्याकडची घ्या. आणि जेवढ्या झाडांना पुढचे दोन-तीन उन्हाळे पाणी घालता येईल तेवढीच लावा. सभासदागणिक पाच झाडं, त्याच्या घराच्या किंवा दुकानाच्या वाटेवर.

शिबिरं

रक्तदान शिबिर प्रत्येक क्लब घेतो आणि बहुतेक क्लब एकाच दिवशी घेतात: १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, नाहीतर एखाद्या नेत्याचा वाढदिवस. रक्त साठवायला मर्यादा आहे. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. म्हणजे ऑगस्टच्या मध्यावर गोळा झालेलं रक्त दिवाळीत कोणाच्या उपयोगी पडत नाही. खरी चणचण एप्रिल-मेमध्ये असते, कारण महाविद्यालयं बंद आणि माणसं गावाला. दिवाळीच्या सुट्टीतही तेच. तुमच्या गावच्या परवानाधारक रक्तपेढीत जाऊन ‘तुमच्याकडे कधी टंचाई असते आणि एका दिवशी किती पिशव्या झेपतात?’ एवढं विचारा आणि तारीख त्यांनाच ठरवू द्या. उद्घाटनाला कोणी मोठा पाहुणा मिळणार नाही, मे महिन्याच्या उन्हात मिळतच नाही. शिबिर त्याच्यावाचूनही चालतं.

दात्यांची वही मात्र क्लबची स्वतःची हवी. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५. हे फलकावर आधीच लिहिलं की कोणाचा हेलपाटा होत नाही. हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवलेल्या मुलींची संख्या आपल्याकडे बरीच असते. त्यांना नुसतं ‘नाही’ म्हणून पाठवू नका. क्लबातल्या डॉक्टरीणबाईंना तिथेच एक टेबल द्या, त्या आहार आणि गोळ्यांचं सांगतील. कधीकधी हे टेबल शिबिराइतकंच मोलाचं ठरतं. भेटवस्तूंच्या नादी लागू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून देशात पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं. टिफिनच्या डब्यांचं आणि बॅगांचं आमिष दाखवून आपण त्याच्याच कडेला जाऊन उभं राहू नये. चहा, बिस्किटं, केळं आणि दात्याच्या कार्डावर त्याचा रक्तगट नीट अक्षरात लिहिलेला, पुरे.

नेत्रशिबिरांची परंपरा याहून जुनी. १९२५ साली हेलन केलर यांनी अमेरिकेत ओहायोमधल्या लायन्स अधिवेशनात अंधांसाठी काम करण्याचं आवाहन केलं आणि तेव्हापासून डोळ्यांचं काम ही लायन्सची ओळख झाली. गावच्या शाळेत नेत्रतपासणी ठेवायची आणि मोतीबिंदूच्या रुग्णांना शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयातच न्यायचं, ही पद्धत आता रुळली आहे. डॉक्टरांचं काम डॉक्टर करतात. क्लबचं काम त्याच्या अलीकडे-पलीकडे आहे आणि तिथेच बहुतेकजण ढिले पडतात. अलीकडे म्हणजे रक्तदाब आणि साखर शिबिरातच तपासायची, नाहीतर आजोबांना शहरात नेऊन, उपाशी ठेवून, ‘साखर जास्त आहे’ म्हणून परत आणावं लागतं. बस मोजून घ्यायची आणि प्रत्येक रुग्णासोबत एक नातेवाईक धरायचा. पलीकडे म्हणजे औषधाचे थेंब. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे दिवसातून अनेकदा थेंब घालायचे असतात आणि शेतावर जाणाऱ्या घरात ते राहून जातात. दहा रुग्णांमागे एक सभासद नेमा, त्याने रोज संध्याकाळी फोन करायचा: आज्जी, थेंब घातले का? हे काम कोणत्याही अहवालात लिहायला जागा नसते. पण घरात बसून करता येण्यासारखं असल्याने, ज्यांना बाहेर पडणं जमत नाही अशा जुन्या सभासदांना ते द्यायला उत्तम. महिन्याभराने फेरतपासणी आणि चष्मा झाला की शिबिर संपलं समजा.

पूर आला तर काय? ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पाणी भरलं तेव्हा राज्यभरातून मदतीचा ओघ लागला. अशा वेळी जुन्या कपड्यांचे ट्रक भरू नका. ते रस्त्याकडेला ढीग होऊन पडतात आणि पूरग्रस्तांनाच आवरावे लागतात. तिथल्या स्थानिक क्लबच्या सचिवाला फोन करून त्या दिवसाची गरज विचारा. पहिल्या आठवड्यात अन्न इतकं येतं की वाया जातं. तिसऱ्या आठवड्यात घरात साचलेला चिखल असतो आणि तेव्हा फावडी, खराटे, फिनेल, पाण्याचे पंप, इलेक्ट्रिशियन आणि शाळेची पुस्तकं हवी असतात. तुम्ही तिसऱ्या आठवड्यात जा.

सभा

रोटरीने २०१६ मध्ये दर आठवड्याला सभेची सक्ती सैल केली, आता महिन्यातून किमान दोन सभा पुरतात. सवलत मिळाली म्हणून लगेच घेऊ नका आणि रिवाज म्हणून आठवड्याच्या आठवड्याला रटाळ सभाही रेटू नका. सभेचा खरा शत्रू एकच: सत्कार. पाहुण्यांचा सत्कार, सत्कार करणाऱ्याचा परिचय, वाढदिवसवाल्यांचा सत्कार, आणि मग वक्त्याला ‘वेळेअभावी दहा मिनिटांत आटपा’ अशी चिठ्ठी. गावातल्या पशुवैद्यकाने लम्पीच्या साथीत काय केलं हे ऐकायला माणसं आलेली असतात, त्यांना शाल आणि श्रीफळ बघावं लागतं. सभा ठरल्या वेळी सुरू करा, चार माणसं असली तरी. तासाभरात संपवा. वक्ता आधी, सूचना नंतर, आभार एका वाक्यात. बाहेरचे वक्ते शोधत फिरण्याआधी सभासदांनाच त्यांच्या धंद्याविषयी बोलतं करा. लाकडाच्या वखारीचा मालक सागवान कसं ओळखायचं ते सांगू लागला की सभागृहात कोणाचा मोबाइल हातात राहत नाही.

लायन्समध्ये टेल ट्विस्टर नावाचं एक पदच असतं. उशिरा येणाऱ्याला, बॅज विसरणाऱ्याला, पेपरात फोटो छापून आलेल्याला किरकोळ दंड ठोकायचा आणि सभेत हशा पिकवायचा, हे त्याचं काम. त्याला स्वतःला मात्र उपस्थितांचं एकमत असल्याखेरीज दंड करता येत नाही. या पदावर क्लबातला सगळ्यांत खट्याळ आणि सगळ्यांत कमी दुखावणारा माणूस बसवा. हे दोन्ही गुण एकात मिळणं कठीण असतं, पण शोधा. गरिबी, जात, रंग, बायको, यांवरचे विनोद पहिल्याच सभेत बंद करा.

नवा सभासद पहिल्या तीन महिन्यांत टिकतो किंवा जातो. त्याला आणणाऱ्याने तो फॉर्म भरून दिला की जबाबदारी संपली असं होऊ नये. वर्षाला किती पैसे लागतात ते आत येण्याआधीच सरळ सांगा: क्लबची वर्गणी, प्रांताची, आंतरराष्ट्रीय संस्थेची, जेवणाची आणि ऐनवेळी निघणारी. नंतर कळलं की माणूस बिथरतो. महिन्याच्या आत त्याला एक लहान, पण त्याच्याशिवाय अडेल असं काम द्या. आणि सभेत तो कोणाशेजारी बसतो इकडे लक्ष ठेवा. जुन्यांचं एक टेबल ठरलेलं असतं, तिथे खुर्ची रिकामी असूनही नव्याला ती ‘कोणाची तरी’ वाटते. अध्यक्षाने पहिले सहा महिने स्वतः त्या टेबलावर बसू नये.

स्त्रियांविषयी स्पष्ट बोलायला हवं. रोटरीने १९८९ मध्ये स्त्रियांना सभासदत्व खुलं केलं. तरी कित्येक क्लबांत सभासदाची पत्नी ही ‘अ‍ॅन’ म्हणून वर्षाकाठी काही जेवणांना, रांगोळीला आणि पाहुण्यांना ओवाळायला. तीच बाई मुख्याध्यापिका असते, बचतगटांचं जाळं सांभाळत असते, तिला तालुक्यातली प्रत्येक अंगणवाडी ठाऊक असते. तिला रीतसर सभासद करून घ्या आणि प्रकल्पाची सूत्रं द्या. आणि एकदा सभासद झाल्यावर चहापोह्यांची समिती तिच्याकडे सरकवू नका.

जेवण, सहल आणि दुखणीखुपणी

आमंत्रणाच्या तळाशी ‘त्यानंतर फेलोशिप’ असं छापलेलं असतं आणि वाचणाऱ्याला बरोबर कळतं की जेवण आहे, कदाचित आधी थोडं ‘इतर’ही आहे. जेवायला माझी ना नाही. पण दोन नियम करा. क्लबच्या पैशातून दारू नाही, आणि प्रकल्पाच्या दिवशी, प्रकल्पाच्या गावात तर मुळीच नाही. ज्यांना बसायचं ते आपल्या खर्चाने, आपल्या वेळी बसतील. त्यांच्यासाठी क्लबने घड्याळ थांबवू नये, कारण तोवर मुलांना घेऊन आलेल्या बायका आणि न पिणारे सभासद जेवणाची वाट बघत ताटकळतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत.

घरगुती बैठका सगळ्यांत चांगल्या, आळीपाळीने एकेकाच्या घरी. पण तिथे पदार्थांची चढाओढ लागते. पहिल्याकडे पावभाजी, दुसऱ्याकडे चार पक्वान्नं, तिसऱ्याकडे केटरर, आणि चौथा आपली पाळी टाळण्यासाठी आजारी पडतो. पदार्थ तीनच, घरी केलेले, हा नियम पहिल्या बैठकीआधी जाहीर करा आणि पहिली बैठक तुमच्या घरी ठेवून मिसळीवर भागवा. हुरड्याच्या दिवसांत कोणाच्या शेतावर गेलात तर याहून कमी खर्चात याहून चांगली संध्याकाळ मिळणार नाही.

क्लबच्या मैत्रीची खरी परीक्षा सभासदाच्या घरी आजारपण आलं की होते. रुग्णालयात भेटायला सगळे एकाच दिवशी जातात, बिस्किटांचे पुडे ठेवतात आणि मग दोन आठवडे कोणी फिरकत नाही. इथेही पाळ्या लावा. कोणी डबा पोचवायचा, कोणी रात्री थांबायचं, कोणी विम्याची कागदपत्रं बघायची. क्लबात एक शांत, चिवट बाई किंवा बुवा असतोच, ज्याला हे न सांगता जमतं. त्याला पद नको असतं, फक्त अध्यक्षाने त्याचा फोन पहिल्या रिंगला उचलावा. धंदा बसलेला सभासद वर्गणी भरू शकत नाही म्हणून सभेला येईनासा होतो. कोषाध्यक्षाने ते चारचौघांत वाचून दाखवू नये. दोघातिघांनी मिळून गुपचूप भरून टाकावी आणि त्या माणसाला कामाच्या दिवशी हक्काने बोलवावं.

सभासदांनी एकमेकांत उसनवारी, भिशी, जमिनीचे व्यवहार करू नयेत असं मी म्हणणार नाही, ते कोणी ऐकणार नाही. पण क्लबच्या मंचावरून विमा आणि प्लॉट विकणं बंद ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपचे दोन गट करा: एकावर फक्त तारीख, वेळ, ठिकाण, दुसऱ्यावर शुभप्रभात आणि वाढदिवस. निवडणुकीच्या महिन्यात दुसऱ्या गटावर कोणी पक्षाचं काही टाकलं तर त्याला खासगीत फोन करा, गटावर उत्तर देऊ नका.

पैसा आणि पुढचा माणूस

क्लबची दोन बँक खाती हवीत. वर्गणी, जेवणं, समारंभ एका खात्यात. लोकांनी सेवाकार्यासाठी दिलेला पैसा दुसऱ्या खात्यात. दुसऱ्यातला रुपयाही पहिल्याकडे वळता कामा नये, पुष्पगुच्छासाठी सुद्धा नाही. धनादेशावर दोन सह्या. दर महिन्याचा जमाखर्च सभेत वाचून दाखवा, कोणी ऐकत नसलं तरी. प्राप्तिकराच्या ८०-जी सवलतीसाठी तुमचा नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर देणगीदारांना आधीच सांगा की दोन हजारांवरच्या रोख देणगीला सवलत मिळत नाही, धनादेश किंवा ऑनलाइन द्या. पावती त्याच आठवड्यात पोचवा. एखादा देणगीदार मार्च संपल्यावर पावतीसाठी तीन फोन करायला लागला, की तो पुढच्या वर्षी दुसऱ्या क्लबकडे जातो.

अध्यक्षाची मुदत एक वर्षाची, आणि नवा अध्यक्ष जुन्याचा प्रकल्प हात न लावता बाजूला ठेवतो, ही या क्लबांची जुनीच खोड. तुमच्या आधीच्या माणसाने सुरू केलेलं एक तरी काम तुम्ही त्याच्याच नावाने पुढे चालवा, त्यालाच प्रमुख नेमा. रोटरीने पोलिओ निर्मूलनाचा मोठा कार्यक्रम १९८५ मध्ये जाहीर केला. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात आढळला आणि पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र २७ मार्च २०१४ रोजी मिळालं. एवढ्या काळात देशातल्या प्रत्येक जुन्या क्लबात पंचविसाहून जास्त अध्यक्ष होऊन गेले. प्रत्येकाने नवं काही काढायचं म्हणून रविवारचं बूथ बंद ठेवलं असतं तर? शीतपेटी, बर्फाच्या पिशव्या, दोन थेंब, करंगळीवर शाईची खूण. वर्षानुवर्षं तेच.

तेव्हा तुमच्यानंतरचा अध्यक्ष ठरला की त्याला प्रत्येक प्रकल्पाच्या भेटीला सोबत न्या. एक फाइल तयार करत जा: कोणत्या शाळेशी काय करार आहे, फिल्टर कधी बदलायचा, बंधाऱ्याच्या गावातला संपर्काचा माणूस कोण, कोणत्या रक्तपेढीला मेची तारीख दिली आहे, टेम्पोवाला किती घेतो. जूनमध्ये ती त्याच्या हाती द्या आणि त्याच महिन्यात बँकेतल्या सह्या बदलण्याचा ठराव करून अर्ज नेऊन द्या. जुलैत पदग्रहणाच्या गडबडीत हे राहतं, बँक केवायसी मागते, नव्या कोषाध्यक्षाचं पॅन कार्ड सापडत नाही, आणि वर्षातला पहिला धनादेश, बहुधा रोपवाटिकेचा, ऑगस्टपर्यंत निघत नाही.